नाला आणि खांब

स्मरणिकेत डॉक्टर-इंजिनिअर लिहितात. मी वीज खात्यात ३४ वर्षं लाइनमन होतो आणि शाळेत गणितात दोनदा आपटलो होतो. तरी संपादकांनी पान दिलंय, तर विज्ञानाच्या सरांबद्दल लिहितो.

सर ख्रिस्ती, मीही ख्रिस्ती. रविवारी शब्बाथशाळेतही तेच, म्हणजे आठवड्यातून एक दिवससुद्धा सुटका नाही. परीक्षानळ्या धुवायची माझी पाळी असली की प्रत्येक नळी खिडकीशी उजेडात धरून बघत. तळाशी मोरचुदाची निळसर कड दिसली की नळी परत. जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करा, हे कलस्सैकरांस पत्रातलं सांगणं मला वर्गात नाही, त्या मोरीवर कळलं. राग यायचा, खोटं कशाला बोलू!

आठवीत त्यांनी स्टीफन हिस्लॉप सांगितला. हिस्लॉप कॉलेजमुळे हे नाव अख्ख्या नागपूरच्या तोंडी आहे, माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नसतो. स्कॉटलंडहून आलेल्या या मिशनऱ्यानं १८४६ मध्ये इथं शाळा काढली. शिकवणं, उपदेश सांभाळून टाकळीच्या दगडांतले जीवाश्म गोळा केले, गोंडांची गाणी उतरवून घेतली. हिस्लोपाइट नावाचं खनिज त्याच्याच नावावर आहे. सप्टेंबर १८६३ मध्ये तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला, गावातली शाळा तपासायला मागे थांबला, रात्री घोड्यावरून निघाला आणि पुराच्या नाल्यात बुडाला. वय अवघं ४५.

"सर, म्हणजे हुतात्माच की," मी म्हणालो.

सर बराच वेळ खडूशी खेळत राहिले. मग म्हणाले, "शाळा तपासायला थांबला, ती त्याची मेहनत. रात्री पुरात घोडा का घातला, ते मला अजून कळलेलं नाही." इतक्या आदरानं सांगितलेल्या माणसाबद्दल ते असं बोलतील असं वाटलं नव्हतं. पुढं म्हणाले, "वेळेचा सदुपयोग करा, असं पौल इफिसकरांना लिहितो. लोक तेवढंच धरतात आणि धावत सुटतात. त्याच्या आधी तो जपून चाला म्हणतो, ते कुणी वाचत नाही."

मीही वाचलं नव्हतं. नोकरीला लागून चारेक वर्षं झाली असतील. जूनची रात्र, वादळानं ११ केव्हीच्या लाइनीचा जंपर (खांबावर दोन तारा जोडणारा तुकडा) तुटलेला, सबस्टेशनहून येणारा फीडर आपोआप बंद पडलेला. खाली लोक शिव्या देताहेत, समोरच्या मंगल कार्यालयात लग्न. लाइन मेलीच आहे, सबस्टेशनला फोन लावण्यात कशाला वेळ घालवायचा, म्हणून मी झुला, म्हणजे खांबावरचा पट्टा, कमरेला बांधला आणि चढू लागलो. दोन हात वर गेलो असेन, तर म्हाताऱ्या हेल्परनं पाय धरला.

"मरतं का बे? एलसी घेतली का?"

लोकांसमोर पाणउतारा. मुकाट्यानं उतरलो, एलसी, म्हणजे लाइन बंद ठेवल्याची सबस्टेशनची परवानगी, घेतली, नंबर वहीत लिहिला. मग त्यानं तारेतली वीज जमिनीत उतरवणारा डिस्चार्ज रॉड हातात दिला. रॉड तारेला टेकला मात्र, चट्कन निळी ठिणगी उडाली. कार्यालयवाल्यानं लाइन तोडणारा चेंजओव्हर स्विच न बसवताच जनरेटर जोडला होता, त्याचा करंट डीपीतल्या ट्रान्सफॉर्मरमधून उलटा चढून मेलेल्या लाइनीत आला होता. जनरेटर बंद करायला लावला, तारांना अर्थिंग केलं, मगच जंपर बांधला. घरी पोचलो तेव्हा पहाटेचे साडेतीन.

त्या वर्षी नाताळात सरांकडे मोहननगरला गेलो आणि मोठ्या ऐटीत हे सगळं सांगितलं. वाटलं, शाबासकी मिळेल.

"नाला आठवला का तेव्हा?" सर.

"नाही सर. शिव्याच ऐकू येत होत्या."

सर हसले. "आणि तो हेल्पर? कुठं असतो आता?"

"रिटायर झाला. कामठीला असतो."

"त्याच्याकडे करंज्या पोचल्या?"

पोचल्या नव्हत्या. सहा महिन्यांत मी त्याच्याकडे फिरकलोही नव्हतो. सरांच्या बाईंनी काही न बोलता आतून स्टीलचा डबा भरून आणला, वरून केकचे दोन तुकडे ठेवले, आणि मी स्कूटर कामठी रोडला वळवली.