पैठणची वाळू

आज शनि अमावस्या, म्हणून आईला घेऊन पैठणला जैनांच्या मुनिसुव्रतनाथांच्या दर्शनाला गेलो. तोबा गर्दी! रांगेत पुढच्या आज्जींच्या हातात स्टीलचा डबा, त्यात केशरी अक्षता, चार लवंगा, एक बदाम. धक्काबुक्कीत झाकण उडालं, निम्मे तांदूळ फरशीवर. आज्जी शांतपणे म्हणाल्या, "असू दे, उरलेत तेवढे वाहीन."

मुनिसुव्रतनाथ म्हणजे जैनांचे विसावे तीर्थंकर. त्यांची ही काळी मूर्ती वाळूची, असं मानतात. गोदावरीकाठच्या गावात देवही वाळूचा, हे मला फार आवडतं. लांछन, म्हणजे या तीर्थंकरांची ओळखखूण, कासव, तेही पाण्यातलंच!

पैठण म्हटलं की आपल्याला नाथ महाराज आणि पैठणी आठवते. पण सातवाहनांचं प्रतिष्ठान, म्हणजे तेव्हाचं पैठण, जैनांचंही जुनं ठाणं. कालकाचार्य या जैन आचार्यांनी पर्युषण पर्वातली संवत्सरी, म्हणजे वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायचा दिवस, भाद्रपद शुद्ध पंचमीवरून चतुर्थीला आणली ती इथेच, अशी श्वेतांबर परंपरा सांगते. म्हणजे एका पंथाच्या पंचांगात हे गाव कायमचं बसलंय. मंदिर मात्र दिगंबरांचं.

नंतर नदीवर गेलो. आईने पाण्यात पाय सोडले आणि अर्धा तास उठलीच नाही. चपला मी सांभाळत बसलो.