धुराची साक्ष

पानगळ सुरू झाली की मी हातात उदबत्ती घेऊन घरभर हिंडते. दारं-खिडक्या लावायच्या, पंखे बंद करायचे, बाहेर जरा वारा सुटलेला असेल तर उत्तमच. मग उदबत्ती चौकटीच्या कडेकडेने सावकाश फिरवायची. धूर सरळ वर चाललाय तोवर ठीक. एखाद्या कोपऱ्याशी तो अचानक आडवा झाला, की सापडली फट! गेल्या वर्षी जिच्यावर माझा पुरता भरवसा होता, त्याच खिडकीपाशी धूर कोणी फुंकर मारल्यासारखा मागे वळला. आणि जिला मी वर्षभर नावं ठेवली, ती खडखडणारी खिडकी निर्दोष सुटली.

खरा चोर मात्र वर असतो, हे कळायला मला बरेच हिवाळे लागले. पायांना गार लागतं म्हणून आपण उंबऱ्याखालच्या फटीला बोल लावतो, तिथे पायपुसणं दुमडून ठेवतो. पण घरातली गरम हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या झाकणाच्या कडेने, वायरींसाठी पाडलेल्या भोकांतून गुपचूप निसटते. ती गेली की तिची जागा घ्यायला खालून गार हवा आत ओढली जाते. म्हणून आता आधी शिडी घेऊन छत, मग दार. फटी बुजवायला सिलिकॉन भरायचं तेही थंडी पडायच्या आतच. गारठ्यात ते लवकर धरत नाही, आणि ओल्या भिंतीला तर चिकटतच नाही.

शिडी निघालीच आहे, तर पन्हळीही साफ होतात. मी वर, नवरा खाली शिडी धरून सल्ले देतो. हाताला लागतो तो कुजलेल्या पानांचा काळा लगदा, काड्या आणि शेजारच्या मुलांचा हरवलेला चेंडू. पन्हळ तुंबली की पाणी साचतं, साचलेलं गोठतं, आणि त्यामागे अडलेलं पाणी छपराखाली वाट काढतं.

पाण्याचा स्वभावच विचित्र. गार होताना 4 अंशांपर्यंत शहाण्यासारखं आकसत येतं, त्याखाली उलटं फिरतं, आणि गोठताना तर सुमारे 9 टक्के फुगतं. पाइप फुटतो तोही बऱ्याचदा बर्फ असतो तिथे नाही. बर्फाचं बूच आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढत जातो, आणि मग जिथे कच्चं असेल तिथे पाइप उलतो. एका वर्षी मी बागेच्या नळाला रबरी पाइप तसाच लावून ठेवला होता. कडाका होता तोवर सगळं शांत. ऊन पडलं, बर्फ वितळला, आणि भिंतीतून झरा फुटला. (प्लंबरने काही न बोलता नुसतं त्या रबरी पाइपाकडे पाहिलं, ते जास्त लागलं.) तेव्हापासून माझं पहिलं काम ठरलेलं: रबरी पाइप काढायचा, आतला व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेरची तोटी उघडून उरलंसुरलं पाणी जाऊ द्यायचं आणि ती तशीच उघडी ठेवायची.

म्हणजे हवा अडवायची आणि पाणी सोडायचं, एवढंच ना? मीही तसंच समजले होते. त्याच धडाक्यात एका वर्षी घर बरणीसारखं घट्ट केलं. आठवड्याभरात सकाळी तावदानांवरून पाणी ओघळायला लागलं आणि कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके उमटले. स्वयंपाकाची वाफ, आंघोळीची वाफ, आमचे श्वास, कुणालाच बाहेर जायला वाट नव्हती. आता रोज दहा मिनिटं खिडकी उघडते, घर गारठलं तरी. आणि जिथे काही जळतं, तिथल्या धुराच्या वाटेवर तर बोळासुद्धा कोंबायचा नाही. जळताना निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला ना रंग ना वास. तिथे माझी उदबत्ती काय साक्ष देणार? धुराडं जाणत्या माणसाकडून झाडून घेते आणि त्या वायूची सूचना देणाऱ्या अलार्मचे सेल बदलते.

यंदा सगळं वेळेत उरकलं. फक्त त्या बाहेरच्या तोटीचं आमचं भांडण जुनंच आहे. उघडी तोटी दिसली की नवऱ्याचा हात शिवशिवतो. काल रात्री झोपण्याआधी टॉर्च घेऊन बघायला गेले. तोटी घट्ट बंद होती.