"सवय असते हो त्यांना"

बालीत उबुदजवळ आयुंग नदीतलं राफ्टिंग संपवून दगडी पायऱ्या चढत होतो. सगळ्यांना धाप लागलेली. मागून एक बाई आल्या, पन्नाशीच्या पुढच्या. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर हवा काढून गुंडाळलेली, पाणी गळणारी राफ्ट. आमचीच!

आम्ही कडेला झालो. ग्रुपमधले काका कौतुकानं म्हणाले, "सवय असते हो त्यांना."

सवयीनं वजन कमी होतं का?

तसं राफ्टिंग झकास झालं. काठच्या कातळात कोरलेलं रामायण तर बघतच राहावं. पण बुकिंग करताना हेल्मेट, लाइफ जॅकेट, जेवण, विमा, अगदी टॉवेलसुद्धा मोजून सांगितला होता. या बायकांचा उल्लेख कुठेच नव्हता.

गाईडला विचारलं, एका खेपेचे किती मिळतात? तो नुसता हसला.

बालीला जाऊन आलेल्यांनो, त्यांच्या हातात थेट टिप देता येते का?