पेंग्विनचं पोट भरलेलं का आहे?

ओपन सोर्स, म्हणजे कोड सर्वांसाठी खुला असलेल्या, प्रकल्पासाठी शुभंकर निवडायचा म्हटलं की सगळे आधी प्राणी शोधायला लागतात. त्याआधी चित्रातून दिसायचा भाव ठरवा. १९९६ साली लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चिन्हाची चर्चा चालली होती, तेव्हा तिचे जनक लिनस टोरवाल्ड्स नुसतं ‘पेंग्विन’ म्हणून थांबले नाहीत. भरपेट मासे खाऊन तृप्त बसलेला पेंग्विन त्यांना हवा होता. लॅरी ईविंग यांनी गिंप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला पेंग्विन, टक्स, तसाच आहे: पाय पसरलेले, पोट पुढे, कशाची घाई नाही. चित्रकाराला असं एक वाक्य दिलंत, की निम्मं काम झालं.

मग प्राणी. नावातून आपसूक निघाला तर उत्तम. रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा वापरणारे स्वतःला ‘रस्टेशियन’ म्हणवतात (खेकड्यांच्या गटाला इंग्रजीत ‘क्रस्टेशियन’ म्हणतात), म्हणून फेरिस हा खेकडा. पीएचपी या भाषेच्या नावाची अक्षरं बाजूने पाहिली की हत्ती दिसतो, म्हणून तिथे हत्ती. पण पोस्टग्रेस हा डेटाबेस आणि प्रचंड डेटा हाताळणारं हडूप यांचाही हत्तीच आहे, तेव्हा आता नवा हत्ती नको.

खरी परीक्षा १६ पिक्सेलची. ब्राउझरच्या टॅबवर तेवढीच जागा मिळते. ५१२ पिक्सेलच्या कॅनव्हासवर ३२ पिक्सेलपेक्षा बारीक असलेली रेघ तिथे एक पिक्सेलही भरत नाही, नुसता करडा डाग उरतो. मिशा, चष्मा, हातातला लॅपटॉप, सगळं त्यात जातं. म्हणून रंग भरायच्या आधीच काळ्या-पांढऱ्या कच्च्या चित्राची इंकस्केप या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमधून १६, ३२ आणि ६४ पिक्सेलची पीएनजी काढून पाहा. १६ वर डोळे आणि अंगाचा आकार ओळखू आला पाहिजे. नाही आला तर डोकं मोठं करा, तपशील काढा. लिनक्स सुरू होताना कोपऱ्यात दिसणारा टक्स ८० बाय ८० पिक्सेल आणि जास्तीत जास्त २२४ रंगांत बसवलेला आहे, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरमागे एक. तेवढ्यातही तो चटकन ओळखू येतो, कारण काळं अंग, पांढरं पोट आणि पिवळी चोच यांची फारकत स्पष्ट आहे.

डार्क मोडमध्ये काळी बाह्यरेषा गायब होते, तेव्हा बाहेरून पांढरी कड द्या. स्टिकरलाही तीच कड कामाला येते, साधारण २-३ मिलिमीटर. बारीक शेपटी किंवा शिंग कडेबाहेर ठेवलंत तर स्टिकर तिथूनच उचकटतो. भडक हिरवा-निळा छापताना मंद होतो, त्यामुळे आधी एकच नमुना छापून घ्या.

मतदान घ्यायचंच तर दोन-तीन कल्पनांवर घ्या, तयार चित्रांवर नको. चित्रांच्या मतदानात सर्वांना थोडंथोडं आवडणारं चित्र जिंकतं, आणि तेच लवकर विसरलं जातं. टक्स लिनक्सच्या लोगोची एकही स्पर्धा जिंकला नव्हता!

आणि लायसन्स. इथे फार जण चुकतात. कोडला एमआयटी किंवा जीपीएल यांसारखं खुलं लायसन्स लावलं म्हणून चित्राचे हक्क कुठे जाणार ते आपोआप स्पष्ट होत नाही. रेने फ्रेंच यांनी काढलेला गो या भाषेचा शुभंकर, गोफर, श्रेय देऊन वापरता येतो. फेरिस सार्वजनिक मालकीचा आहे. बीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या शुभंकराचे, डीमनचे, हक्क मात्र मार्शल कर्क मॅककुसिक यांच्याकडे आहेत. विकत घेतलेल्या स्टॉक चित्राला तर अनेकदा लोगो म्हणून वापरायची परवानगीच नसते. काम सुरू होण्याआधी चित्रकाराची लेखी संमती घ्या आणि मूळ एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी चित्राची फाइल), पीएनजी, चित्रकाराचं नाव व लायसन्सची फाइल रेपोत, म्हणजे प्रकल्पाचा कोड ठेवायच्या जागी, एकाच फोल्डरमध्ये ठेवा.