बोया फाटतो तो कानाशी

मुंबईच्या दारुखाना भागात आमचं जहाजी सामानाचं दुकान आहे. साखळ्या, दोरखंड, नांगर, होडी धक्क्याला घासू नये म्हणून लावायचे फेंडर, जाळी तरंगती ठेवणारे बोये. वडिलांच्या मागे मीच ते बघतो. आमचं गिऱ्हाईक म्हणजे ट्रॉलरवाले आणि लॉन्चवाले. त्यामुळे मे महिन्यातल्या एका भर दुपारी एक मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "वॉटर स्कीच्या स्लॅलम कोर्ससाठी बोये हवेत, टिकाऊ," तेव्हा मला त्यातला शेवटचा शब्द तेवढा कळला.

टिकाऊ म्हणजे माझ्या लेखी एकच वस्तू, ट्रॉलरच्या जाळ्याचा कडक प्लास्टिकचा गोळा. पोत्यातून एक काढून मी फरशीवर आपटला. टणकन उडाला. त्यांनी तो उचलला, हातात फिरवला आणि विचारलं, "यावर कुणाचा घोटा आपटला तर?"

मग बिलबुकाच्या पाठीवर त्यांनी कोर्स आखून दाखवला. बोट मधल्या रेषेने सरळ जाते, आणि पायाला फळीसारखी स्की बांधलेला माणूस दोरी धरून तिच्यामागे पाण्यावरून ओढला जातो. त्या रेषेपासून 11.5 मीटरवर सहा बोये, तीन डावीकडे, तीन उजवीकडे, आलटून पालटून. स्की करणाऱ्याने दोन बोयांच्या दारातून आत शिरायचं, सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा आणि 259 मीटरवरच्या दुसऱ्या दारातून बाहेर पडायचं. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत पुरुषांची बोट ताशी 58 किलोमीटरने धावते, बायकांची 55 ने. जमलं की दोरी तोकडी करायची. 18.25 मीटरपासून कमी करत करत दोरी 11.25 वर आली की ती बोयापर्यंत पोचतच नाही. उरलेलं अंतर माणसाने अंग पाण्यावर आडवं टाकून, हात लांबवून काढायचं! एवढ्या जवळून जाताना स्की कधी बोयाला घासते, कधी थेट त्याच्यावर चढते. "तो दबला पाहिजे, आणि दबून परत वर आला पाहिजे," मॅडम म्हणाल्या. "माझ्याकडे बारा-तेरा वर्षांची मुलं शिकतात."

कडक गोळा मी पोत्यात परत टाकला. एवढी वर्षं बोये विकतो आहे, पण बोयावर माणूस येऊन आदळतो हा विचार कधी करावा लागला नव्हता.

त्यांच्या मनात आणखी एक होतं. मुलं मुंबईची, तलाव घाटापलीकडे. इथेच एखाद्या खाडीत कोर्स बसवता येणार नाही का? यावर आमचे मामा बोलले. मामा जन्माने कोळी, अर्धं आयुष्य होडीवर गेलेलं, आता आमच्या दुकानात गाठी मारतात. "उधाणाला साडेचार मीटर पाणी चढतं, बाई. ओहोटीच्या मापाने दोरी बांधली तर भरतीला बोया बुडेल, भरतीच्या मापाने बांधली तर ओहोटीला कुठेही भटकेल." सगळा खेळ मापाचा, तिथे हातभर सरकलेला बोया काय कामाचा? मॅडमनी तो विषय तिथेच सोडला. त्यांना वाईट वाटलेलं दिसत होतं.

मऊ पीव्हीसीचे हवा भरायचे गोळे माझ्याकडे दोन प्रकारचे होते, दोन्ही साधारण 23 सेंटिमीटर व्यासाचे. एक चकचकीत, जाड कातडीचा, महाग. दुसरा ओबडधोबड, रंगाला जरा मंद. मी अर्थातच चकचकीत पुढे केला. मामा काही न बोलता गच्चीवर गेले आणि दोन उन्हाळे वर पडून असलेला एक पीव्हीसी फेंडर घेऊन आले. अंगठा घासला तर पांढरी भुकटी हाताला लागली, दुमडला तर कडकन चीर गेली. उन्हाने प्लास्टिकमधला मऊपणा निघून जातो, मग जाडीचा काही उपयोग नाही. म्हणून पुरवठादाराला आधी विचारायचं ते मालात ऊन सोसणारा मसाला आहे का. जाडी नंतर. त्या दोन्ही गोळ्यांत तो होता, हे मी तिथल्या तिथे फोन करून पक्कं केलं.

मग पाण्याचं पिंप भरलं. 23 सेंटिमीटरचा गोळा पूर्ण बुडाला तर सव्वासहा लिटरपेक्षा जास्त पाणी हटवतो, म्हणजे तो दिसायला अर्धा वर हवा असेल तर खालून सव्वातीन किलोच्या आसपास ओढ पाहिजे. साडेतीन किलोचं लोखंडी वजन बांधलं (लोखंड पाण्यात थोडं हलकं होतं) आणि गोळा बरोबर कमरेपर्यंत बुडून उभा राहिला. मॅडमनी वरून पाय दिला. चपटा झाला, पायाखालून निसटला, पुन्हा वर. त्या पहिल्यांदाच हसल्या.

मी बिल करायला घेतलं तेव्हा मामा म्हणाले, "कान बघितले का?"

बोयाचा कान म्हणजे खालची कडी, जिच्यातून दोरी जाते. मामांनी दोन्ही गोळे माळ्याच्या तुळईला टांगले, कानाला दहा-दहा किलोची वजनं अडकवली आणि स्टुलावर बसून आळीपाळीने झटके देऊ लागले. एका हातात चहा. "पाण्यात हा दिवसभर हलतो. नुसता टांगून काय कळणार?" मॅडम थांबल्या. मीही थांबलो. चारशेच्या पुढे आम्ही मोजणं सोडलं.

साडेसहाच्या सुमारास महागातला गोळा फाटला. कातडी शाबूत, पण कान वेगळा करून चिकटवलेला होता, तो जोडावरच उसवला. ओबडधोबडाचा कान अंगासकट एकाच साच्यात ओतलेला होता, त्याला ओरखडाही नव्हता. मामा नसते तर अख्ख्या कोर्सचे बावीसच्या बावीस बोये मी चकचकीत दिले असते, आणि पहिल्याच मोसमात ते एकेक करून तलावभर वाहत गेले असते.

मॅडमनी बावीस घेतले, वर सहा जादा. वळणाचे सहा आणि दोन्ही दारांचे चार तांबडे, बोटीच्या वाटेचे बारा पिवळे. मामांनी प्रत्येकाला वीतभर रबरी नळी लावून दिली, म्हणजे बोट वरून गेली तर नळी ताणेल, फार झालं तर तुटेल, पण पाण्याखालच्या ज्या आडव्या पाइपाला बोये बांधतात त्याला झटका बसणार नाही. आणि बजावलं की हवा इथे भरू नका, तलावावर भरा, गोळे तासभर पाण्यात ठेवून. मुंबईच्या दुपारी गच्च भरलेली हवा गार पाण्यात आकसते आणि बोया सुरकुततो.

दिवाळीनंतर मॅडमचा फोन आला. बोटीच्या पंख्याने एक पिवळा चिरला होता आणि तीन नळ्या तुटल्या होत्या. कान सगळे जागच्या जागी. मी फोन मामांकडे दिला.