विलिस जीपचा व्हॅक्यूम आणि स्लो: माझा अनुभव

आमची विलिस एमबी 1943 सालची. स्लोला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असतं तेव्हा) धडधडायची, सिग्नलला बंद पडायची, आणि स्लो वाढवून ठेवला की गिअर टाकताना करकरायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, इंजिन उतरवा, बोअर करून घ्या, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठे करा. ऐंशी वर्षं टिकलेल्या ब्लॉकचं लोखंड असं अंदाजाने खरवडायला मी तयार नव्हतो. आधी व्हॅक्यूम गेज लावायचं ठरवलं.

स्लोवर कार्बोरेटरचा बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढतात, पण वाट अरुंद, म्हणून इनटेक मॅनिफोल्डमध्ये (कार्बोरेटरपासून इंजिनात जाणाऱ्या नळीत) व्हॅक्यूम तयार होतो. तो पाऱ्याच्या इंचांत मोजतात. समुद्रसपाटीला धडधाकट इंजिन साधारण 17 ते 21 इंच दाखवतं. उंचीवर मात्र दर हजार फुटांना अंदाजे एक इंच कमी होतो. पुणे 560 मीटरवर, म्हणजे अठराशे फुटांच्याही वर, त्यामुळे जवळजवळ दोन इंच असेच जातात. मुंबईत 19 दाखवणारी गाडी इथे 17 दाखवेल, महाबळेश्वरला 15 च्याही खाली. पुस्तकांतले तक्ते बहुधा समुद्रसपाटीचे असतात, आणि त्यांवर बोट ठेवून घाटावरच्या चांगल्या इंजिनांना आजारी ठरवलं जातं, याचा मला खरंच राग येतो.

गेज लावण्याआधी प्लग साफ केले, ठिणगीच्या पॉइंटचा गॅप 20 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), व्हॉल्व्ह उचलणाऱ्या टॅपेटचा 14 थाऊ करून घेतला. हे राहिलं तर पुढचं सगळं मोजमाप वाया जातं. मग इंजिन पूर्ण गरम केलं, चोक आत, आणि व्हेंटिलेटर व्हॉल्व्हच्या (क्रँककेसमधली, म्हणजे इंजिनाच्या खालच्या भागातली, वाफ ओढून घेणारा व्हॉल्व्ह) बुडाशी टी बसवून नळी थेट मॅनिफोल्डला जोडली. गाडी 6 व्होल्टची असल्याने टॅकोमीटर आणि टायमिंग लाइटला वीज वेगळ्या 12 व्होल्टच्या बॅटरीतून दिली, तिचा निगेटिव्ह चासीला जोडून.

काटा 12 वर. पण स्थिर.

शेजारच्या गल्लीतले एक जुने मिस्त्री बघायला आले होते. ते म्हणाले, "साहेब, आकडा राहू द्या, काटा हलतोय का ते बघा." त्यांचं बरोबर होतं. एखादा व्हॉल्व्ह जळला असता तर काटा ठरावीक वेळाने खाली झटका देत राहिला असता. व्हॉल्व्हचे गाइड झिजले असते तर स्लोवर थरथरला असता. खाली असूनही स्थिर काटा म्हणजे बहुतेक वेळा दोनच गोष्टी: टायमिंग मागे (ठिणगी उशिरा पडतेय), किंवा मॅनिफोल्ड कुठूनतरी एअर घेतोय.

टायमिंग पाहिलं. या जीपमध्ये खूण फ्लायव्हीलवर असते, बेल हाउसिंगच्या भोकातून दिसते. पिस्टन सर्वांत वर पोचायच्या 5 अंश आधी, जिथे हवं तिथेच. मग ऑइलकॅनने मॅनिफोल्डच्या पॅकिंगवर आणि कार्बोरेटरच्या बुडाशी थोडं थोडं ऑइल सोडत गेलो. गळती असेल तिथे ऑइल ओढलं जातं आणि काटा चढतो. काही लोक यासाठी पेट्रोल मारतात. कृपा करून मारू नका. या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकमेकांना जोडलेले असतात, आणि खालचा एक्झॉस्ट तापलेला असतो. पॅकिंगवर काटा ढिम्म हलला नाही.

राहिला व्हेंटिलेटर व्हॉल्व्ह, जो क्रँककेसमधली वाफ मॅनिफोल्डकडे ओढून घेतो. स्लोवर त्याने वाट जवळजवळ बंद करायला हवी. त्याची नळी सोडवून तोंडावर अंगठा दाबला, आणि काटा सरळ 16 च्या पुढे गेला! आत काळा चिकट गाळ बसून व्हॉल्व्ह उघडाच अडकला होता. रॉकेलमध्ये भिजवून, हवा मारून स्वच्छ केला, परत बसवला.

आता स्लो. थ्रॉटलच्या (म्हणजे त्या बटरफ्लायच्या) स्क्रूने 600 आरपीएम धरला, मग मिक्श्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू काटा सर्वांत वर जाईपर्यंत हळूहळू फिरवला. व्हॅक्यूम वाढला की स्लोही वाढतो, म्हणून पुन्हा थ्रॉटल कमी, पुन्हा मिक्श्चर. घाई करण्याचं हे काम नाही. मिक्श्चरचा स्क्रू आत जोराने आवळायचा नाही, त्याच्या टोकाला घळ पडते आणि मग तो कधीच नीट सेट होत नाही.

शेवटी 600 वर 17 इंच. थ्रॉटल झटकन उघडून सोडला, काटा शून्याजवळ पडून 23 पर्यंत उसळला आणि परत जागेवर आला. एवढी उसळी म्हणजे पिस्टनच्या रिंगा चांगल्या आहेत. बोअरचं काम रद्द.

एक गोष्ट बाकी आहे. थ्रॉटल शाफ्ट बोटाने हलवला की काटा अर्धा इंच डुलतो. कार्बोरेटरचं ते भोक झिजलंय, लेथवर बुश बसवून घ्यावा लागेल.