लहान कुत्र्याच्या खुब्याचं ऑपरेशन: पाय टेकायला लावणं हेच खरं काम

यॉर्की, पूडल, पॉमेरेनियनसारख्या छोट्या जातीचं पिल्लू साधारण ५ ते ८ महिन्यांचं असताना मागच्या एका पायाने लंगडू लागलं, ती मांडी बारीक दिसू लागली आणि पाय मागे ताणताच कळवळलं, तर लेग-काल्व्हे-पर्थेसचा संशय घ्यावा. यात मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि ते आतून ढासळत जातं. त्यावर बहुतेक वेळा एफएचओ (फीमोरल हेड ऑस्टेक्टॉमी) हे ऑपरेशन करतात. म्हणजे ते डोकं आणि खालची मान कापून काढायची. जागी नवं काही बसवत नाहीत. रिकाम्या जागेत चिवट तंतूंचा थर धरतो आणि भोवतीचे स्नायू पाय पेलतात.

म्हणूनच 'पडू दे बिचाऱ्याला' ही माया इथे अंगाशी येते. पाय हलला नाही तर तो थर आखडतो आणि खुबा कायमचा ताठ होऊ शकतो. (प्लेट किंवा कृत्रिम सांधा बसवला असेल तर हिशोब पूर्ण उलटा, तिथे सक्त विश्रांती. खालचं काहीही त्याला लावू नका.)

ऑपरेशननंतर लगेच काढलेला एक्स-रे मागून बघा. हाडाच्या मानेचा तुकडा शिल्लक राहिला तर हाडावर हाड घासतं, आणि मग कितीही व्यायाम करा, कुत्रं पाय टेकत नाही.

पहिले ३ दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ, १० मिनिटं, दिवसातून तीनदा. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर टाके चाटू नयेत म्हणून गळ्याभोवती घातलेला प्लास्टिकचा कोन काढायचा नाही आणि सोफ्यावर उड्या नाहीत. गुळगुळीत फरशीवर चटया अंथरा, पंजाच्या गाद्यांमधले केस कापा. पाय एकदा सटकला की कुत्रं तो आणखी आठवडाभर उचलून धरतं.

वेदनाशामकात काटकसर नको, कारण दुखत असेल तर ते पाय वापरणारच नाही. पण माणसांची गोळी अजिबात नाही. मेलोक्सिकॅमचा रोजचा डोस किलोमागे साधारण ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे ३ किलोच्या कुत्र्याला ०.३. माणसांची लहान गोळी ७.५ मिलिग्रॅमची, पंचवीस पट! कुत्र्यांसाठीचं पातळ औषध, डॉक्टरांनी लिहिलेल्या मापाने, खाण्याबरोबर द्या. उलटी झाली, शी काळी झाली किंवा खाणं सुटलं की औषध थांबवून फोन करा.

डॉक्टरांनी होकार दिला की ताणाचा व्यायाम सुरू. कुत्र्याला चांगल्या पायाच्या कुशीवर झोपवा, ऑपरेशनचा पाय वर. एक हात कमरेच्या हाडावर स्थिर, दुसरा गुडघ्याच्या जरा वर, मांडीच्या पुढून. मांडी सावकाश मागे न्या. ते मान वळवून बघेल, ओठ चाटेल. तिथेच थांबा, किंचित सैल सोडा, ५ सेकंद धरा. असं दहादा, दिवसातून तीन वेळा. पाठीला बाक येत असेल तर तुम्ही खुबा नाही, कंबर हलवताय. ही चूक सर्रास होते.

सगळ्यात गुणकारी उपाय म्हणजे गळ्यात पट्टा बांधून चालवणं, तेही कंटाळा येईल इतकं हळू. वेगात छोटं कुत्रं तीन पायांवर मजेत पळतं, वजनच नसतं ना! हळू चालताना मात्र चौथा पाय टेकावाच लागतो. सुरुवातीला ५ मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. पुढे वेळ वाढवा, वेग नाही. नंतर हलका चढ, आणि बसून उठण्याचे दहा-दहा फेरे.

पहिल्या दोन आठवड्यांत बोटं टेकणं, महिन्याभरात थोडं वजन देणं, ही ठीक प्रगती. मांडीचा घेर आठवड्यातून एकदा, दर वेळी त्याच जागी टेपने मोजा. आधीपासून लंगडणाऱ्याची मांडी भरायला काही महिने लागतात.

पंजा उलटा दुमडून त्याची वरची बाजू जमिनीला टेकत असेल तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा, सायाटिक नस (मागच्या पायाची मुख्य नस) दुखावलेली असू शकते. आणि महिना उलटूनही पाय अधांतरीच असेल तर नुसता खुबा तपासून घेऊ नका. छोट्या जातींत गुडघ्याची वाटी सरकणंही नेहमीचंच असतं, आणि तिकडे कुणाचं लक्षच जात नाही.